चूलबंद आमंत्रण

फाइलच्या नावाखाली बारीक राखाडी अक्षरांत तिचा आकार लिहिलेला होता: सहा पूर्णांक चार एमबी. नाव इंग्रजी अक्षरांत, 'लग्नपत्रिका', आणि शेवटी टिंब देऊन तीन अक्षरं, ए, पी, के. पत्रिकेचा साधा फोटो अर्ध्या एमबीच्या आतबाहेर असतो. पीडीएफ असली तर शेवटी तसं लिहिलेलं असतं. दर्शनाने हे सगळं पाहिलं होतं. न पाहता बोट लागलं असतं तर पुढचे सात महिने तिला थोडे सोपे गेले असते. तिने पाहिलं, वाचलं आणि मग बोट लावलं.

पत्रिका आली होती दीपिकाच्या नंबरवरून. परळच्या ज्या इस्पितळातून दर्शना निवृत्त झाली, तिथल्या सूक्ष्मजीवांच्या लॅबमध्ये दीपिका एकोणीस वर्षं तिच्या शेजारच्या टेबलावर बसायची. निवृत्तीनंतर पहिले सहा महिने फोन आले, मग सणासुदीला फुलांची चित्रं आली, मग तीही थांबली. दीपिकाच्या मुलाचं लग्न जमवायचं चाललंय एवढं दर्शनाच्या कानावर होतं. त्यामुळे एप्रिलमधल्या त्या सकाळी पत्रिका दिसली तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की चला, आपल्याला विसरली नाही.

त्या आनंदात तिने फोनचं म्हणणं ऐकलं नाही. फोनने एकदा विचारलं, हे अनोळखी ठिकाणाहून आलंय, तरी उतरवून घ्यायचं का? तिने हो म्हटलं. मग विचारलं, याला तुमचे मेसेज वाचू द्यायचे का? लग्नाच्या पत्रिकेला आपले मेसेज कशाला वाचायचे असतात, हा प्रश्न तिला पडायला हवा होता. एकतीस वर्षं तिने बशीवरच्या ठिपक्याएवढ्या वाढीकडे पाहून प्रश्न विचारले होते. त्या सकाळी विचारला नाही.

उघडला तो नुसता पांढरा पडदा.

तिला वाटलं, आपलाच फोन जुना झालाय. चाळीतल्या अप्पांना त्यांच्या पुतण्याने नवा, मोठ्या पडद्याचा फोन दिला होता, आणि त्या फोनचं अप्पांना भारी कौतुक. त्यांच्याकडे उघडते का बघावी म्हणून तिने ती फाइल अप्पांना पाठवली. सोबत एक शब्द लिहिला नाही. गॅसवर दूध होतं. ते उतरवून अप्पांच्या खोलीत जायचं आणि सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. दूध उतू गेलं, ओटा पुसावा लागला, आणि ती बाहेर आली तोवर दहा मिनिटं झाली होती.

काळाचौकीच्या त्या चाळीत दहा मिनिटांत काय झालं ते कळायला अप्पा कोण हे कळायला हवं.

अप्पा म्हणजे कुशाबा घाडी. वय अठ्ठ्याहत्तर. गिरणीत साचेवाले होते, मागावर कापड विणायचे. गिरणी गेली, साचे गेले, अप्पांचं दुसरं काम मात्र राहिलं. चाळीत कुणाचंही कार्य निघालं की आमंत्रणाला अप्पा पुढे. पांढरी टोपी, हातात कुंकू-अक्षतांचं ताट, मागे घरची दोन माणसं. चार मजले, ऐंशी खोल्या, एकही दार चुकवायचं नाही. भांडण असलेल्या दारात तर आधी जायचं. उंबऱ्याबाहेर उभं राहून ते ठरलेल्या स्वरात सांगायचे, "अमक्यांकडचं कार्य. घरासकट यायचं. चूलबंद आमंत्रण आहे." चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटता कामा नये, लहानथोर सगळ्यांनी जेवायला आमच्याकडे. अप्पा बोलावून गेले आणि कुणी आलं नाही, असं चाळीत घडलेलं नव्हतं.

करोनाच्या दिवसांत दारोदार फिरणं बंद झालं. तेव्हा सुशांतने, म्हणजे चाळ कमिटीच्या सेक्रेटरीने, अप्पांना ग्रुपवर पत्रिका टाकायला शिकवलं. शिकायला तीन आठवडे लागले, पण शिकल्यावर अप्पांनी तेही काम ताट हातात घेतल्यासारखंच केलं. आलेली पत्रिका कुणाची, कुठली, हे ते विचारत नसत. आमंत्रण एकट्याने ठेवून घ्यायचं नसतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

दर्शना गॅलरीत आली तेव्हा ग्रुपवर अप्पांच्या नावाने पत्रिका पडलेली होती. खाली त्यांचं नेहमीचं वाक्य: 'चूलबंद आमंत्रण. सर्वांनी उघडून पाहणे.'

तेव्हा तरी तिने सांगायला हवं होतं, की अप्पा, काढा ती, उघडत नाहीये, काहीतरी वेगळं आहे. तिने मनाशी म्हटलं, आपल्याकडे उघडली नाही तशी त्यांच्याकडेही उघडायची नाही, त्यात काय बिघडलं. आणि ती दूध तापवलेलं भांडं घासायला आत गेली.

दुपारपर्यंत अकरा फोनांत ती फाइल शिरली. एकाच्या फोनवरून त्याच्या सासुरवाडीला पत्रिका गेल्या, दुसऱ्याच्या साहेबाला. तिघांच्या खात्यांतून पैसे गेले. बँकेचा ओटीपी फोनवर येत होता, आणि तो फोनच्या मालकाआधी दुसरंच कुणीतरी वाचत होतं. सगळ्यात मोठा घाव बसला शेवंतीला. शेवंती तिसऱ्या मजल्यावरची, दर्शनाच्या बाजूच्याच खोलीतली. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून पोळी-भाजीचे डबे करून मुलीला वाढवलेली. आकांक्षाचं लग्न मेच्या अठराला होतं. हॉलचे आणि जेवणाचे म्हणून ठेवलेले ब्याण्णव हजार साडेतीन मिनिटांत गेले. सुशांतने सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन लावला, तक्रार नोंदवली, पण तोवर पैसे चार खात्यांतून पुढे सरकले होते. लग्न पुढे ढकललं, तुळशीच्या लग्नानंतरचं.

दर्शनाचा एक रुपयाही गेला नाही. बँकेला दिलेला नंबर ती एका जुन्या, बटणांच्या फोनमध्ये ठेवायची, सावधगिरी म्हणून. त्या सावधगिरीमुळे तिच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

संध्याकाळी खाली कमिटीच्या ऑफिसच्या खोलीत सगळे जमले. सुशांत संतापलेला होता. त्याच्या बहिणीच्या खात्यातूनही पंधरा हजार गेले होते.

"अप्पा, तुम्हाला ही पाठवली कुणी? नंबर कुणाचा होता? एवढंच सांगा ना यार."

"आली," अप्पा म्हणाले. "मी टाकली."

"अहो, आली म्हणजे आकाशातून पडली काय? बघू फोन."

"तो तूच मघाशी पुसून दिलास ना रे."

ते खरं होतं. पुढे आणखी पसरू नये म्हणून सुशांतनेच त्या अकराही फोनांतलं सगळं पुसून फोन कोरे करून दिले होते. कुठून काय आलं हे सांगणारं काही उरलंच नव्हतं.

"म्हाताऱ्यांच्या हातात मोबाइल द्यायचाच कशाला?" मागून कुणीतरी म्हणालं. "उद्या आपल्या तेराव्याची पत्रिका टाकतील, चूलबंद म्हणून." दोघं-तिघं हसले. शेवंती हसली नाही. ती म्हणाली, "माझ्या पोरीच्या अक्षतांना आता अप्पांचा हात नको." हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

दर्शना दारापाशी उभी होती. अप्पांनी मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, आणि मग पुन्हा सुशांतकडे पाहून म्हणाले, "चूक माझी."

दुसऱ्या दिवशी दर्शना दादरला गेली आणि ओळखीचं कुणी नसलेल्या दुकानात तिने आपला फोन पुसून घेतला. दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, लग्नाचं कार्ड उघडलं ना? रोज दहा येतात. आपल्या माणसाच्या नंबरवरून येतं ना, म्हणून लोक फसतात. एक फोन करून विचारायचं फक्त, तू पाठवलंस का." तिने घरी येऊन दीपिकाला फोन केला. दीपिका रडकुंडीला आली होती. तिच्या फोनवरून दोनशे जणांना पत्रिका गेल्या होत्या, आणि मुलाचं लग्न तर अजून जमलंही नव्हतं.

त्या रात्री दर्शनाने ठरवलं, उद्या सांगायचं.

उद्या शेवंतीला ताप होता. परवा पोलीस चौकशीला आले, त्यांच्यासमोर नको. मग रविवारी कमिटीची मीटिंग रद्द झाली. कारण रोज एक सापडत गेलं, आणि प्रत्येक कारण त्या त्या दिवशी खरं वाटायचं.

पंधरा दिवसांनी ती अप्पांच्या खोलीत गेली. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. फोन कपाटावर, बंद.

"बस गो," ते म्हणाले. "चाय ठेवू?"

"नको. अप्पा, मी आज सुशांतला सांगणार आहे."

"काय सांगतलंस?"

"तुम्हाला ठाऊक आहे काय ते."

अप्पांनी भिंतीकडचं तोंड तिच्याकडे वळवलं. मग म्हणाले, "माका ठाऊक आसा. तेवाच होता. सांगू नको."

"का?"

"लोक रिपोर्ट घेऊन कोणाकडे येतत? तुझ्याकडे. करोनात सुई टोचून घ्यायला कोण तयार होता? तू सांगलंस म्हणून गेले. उद्या म्हणतले, हिका पत्रिका कळली नाय, हिका रक्तातला काय कळतला. तुझ्यावरचो विश्वास गेलो तर चाळीचा नुकसान. माझा काय? म्हाताऱ्याक हसले तर हसांदेत. मी आज आसंय, उद्या नसंय."

तिने वाद घातला नाही. घालायला हवा होता. त्यांचं म्हणणं तिला पटलं होतं असं ती स्वतःला सांगत राहिली. खरं म्हणजे तिला सुटका हवी होती आणि ती त्यांनी स्वतःहून दिली होती. माणसाने आपल्यावरचं ओझं उचललं की त्याच्या बोलण्यात शहाणपण दिसायला लागतं.

मग जे झालं त्याची तिला सर्वांत जास्त लाज वाटायची. चाळीतले लोक संशयाची प्रत्येक गोष्ट घेऊन तिच्याकडे यायला लागले. सायन्सवाली बाई, हिला विचारा. "दर्शनाताई, वीज कापणार म्हणून मेसेज आलाय, खरा काय?" "ताई, पार्सल अडकलंय म्हणतात, लिंक दाबू?" ती चष्मा लावून बघायची आणि समजावून सांगायची. पत्त्यातली अक्षरं मोजून बघ. बँकेचं नाव आहे, पण मध्ये एक अक्षर जास्त आहे. घाई करायला लावतोय ना? मग दाबायचं नाही. शेवटी ए, पी, के असलं तर ते चित्र नाही, ते घरात शिरणारं माणूस आहे. विचारायचं तर ज्याच्या नावाने आलं त्याला आपण स्वतः फोन करून विचारायचं. सुशांतने तिचं हे बोलणं रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकलं. गणपतीत मंडपात तिचं पंधरा मिनिटांचं भाषण ठेवलं, नारळ आणि शाल दिली. भाषणात ती म्हणाली, "आपल्या चाळीत एप्रिलमध्ये जे झालं ते पुन्हा होऊ नये." मागच्या खुर्चीत बसलेल्या अप्पांकडे लोकांनी वळून पाहिलं. अप्पांनीही टाळ्या वाजवल्या.

त्याच महिन्यात दुसऱ्या मजल्यावर एक बारसं झालं. आमंत्रण सुशांतने ग्रुपवर टाकलं, फुग्यांचं चित्र लावून. अप्पांना वेगळं सांगायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. फोन बंद असल्याने त्यांना कळलंही नाही. संध्याकाळी गाणी ऐकू आली तेव्हा ते गॅलरीत आले, कठड्यावर हात ठेवून खाली बघत राहिले आणि आत गेले. दर्शना समोरच्या बाजूला उभी होती. हाक मारावी असं तिला वाटलं. पण हाक मारून सांगणार काय?

तुळशीचं लग्न झालं. आकांक्षाच्या लग्नाची नवी तारीख धरली, डिसेंबरची सात. हॉल नाही, चाळीच्या पटांगणातच मांडव. रविवारी सकाळी शेवंतीने दर्शनाला बोलावलं.

खोलीत आकांक्षा होती, यादी घेऊन सुशांत होता, शेजारच्या तीन-चार बाया होत्या. गणपतीपुढे पहिली पत्रिका ठेवून झाली होती. शेवंती नव्या साडीत, कपाळाला ठसठशीत कुंकू लावलेल्या बायांच्या घोळक्यात जरा मागे उभी होती. ताटात हळद-कुंकू आणि अक्षता.

"पत्रिका मोबाइलवर नकोच म्हटलं मी," ती म्हणाली. "दारोदारच जायचं, पहिल्यासारखं. कागदाची पत्रिका, हातात. पन्नास छापल्यात फक्त, बाकीच्यांना तोंडाने."

"मोबाइलवर टाकली तर कोण उघडणार नाय आता," सुशांत म्हणाला. "ताईंनी एवढं घाबरवलंय सगळ्यांना."

बाया हसल्या. एक म्हणाली, "माझा नवरा तर माझापण फोन उचलला की आधी विचारतो, तूच आहेस ना?"

"तुझा नवरा नशीबवान. ऐकायचं नसलं की फ्रॉड म्हणून कट करायचा."

शेवंतीने ताट उचललं आणि दर्शनापुढे धरलं.

"दर्शनाताई, पुढे तुम्ही चला."

"मी?"

"मग कोण? मला पुढे होता येत नाही, तुम्हाला माहीत आहे." विधवा बाईने शुभकार्याचं ताट घेऊन पुढे चालायचं नाही हे दर्शनाने कधीच मानलं नव्हतं, आणि शेवंतीने कधी सोडलं नव्हतं. "आणि चाळीत तुमच्या शब्दाला मान आहे. तुम्ही बोलावलंत तर सगळे येतील."

"अप्पा?" आकांक्षाने विचारलं. "आई, अप्पांना एकदा विचारूया की. लहानपणापासून बघतेय, माझ्या लग्नाला अप्पाच ताट घेऊन फिरणार, असंच धरून चालले होते मी."

"आकांक्षा, पुरे." शेवंतीचा आवाज चढला नाही. "त्यांच्यावर माझा राग नाही. वयस्कर माणूस आहे. पण ज्या हाताने माझं घर धुऊन नेलं, त्या हाताने तुझी अक्षत नको. लोक काय म्हणतात ते नाही, मलाच नको. मी सहा महिने पहाटे तीनला उठून जास्तीचे डबे केलेत. मला माहीत आहे ते कसे गेले."

सुशांत यादी चाळत राहिला.

"घ्या ना ताई," शेवंती म्हणाली. "वेळ निघून जाईल. साडेदहाच्या आत पहिलं दार झालं पाहिजे."

दर्शनाने ताटाकडे पाहिलं. तिच्या डोक्यात, सवयीप्रमाणे, अप्पांचं वाक्य आलं. तुझ्यावरचो विश्वास गेलो तर चाळीचा नुकसान. सात महिने ते वाक्य तिने औषधासारखं घेतलं होतं. आज ते चाललं नाही. हे ताट घेऊन ती प्रत्येक दारात उभी राहणार, घरासकट या म्हणणार, लोक तिच्या मानाखातर हो म्हणणार. चौथ्या मजल्याच्या टोकाला अप्पांचं दार येणार. त्या दारातही तिलाच सांगावं लागणार, चूलबंद आमंत्रण आहे, आणि अप्पा हात जोडून येतो म्हणणार. तेवढं झालं की मग कधीच सांगता येणार नव्हतं. आजवर ती गप्प बसली होती. ताट घेतलं की ती त्यांची जागा घेणार होती.

चाळीचा विश्वास राखायचा म्हणून ती गप्प होती, असं ती म्हणायची. पण शेवंतीचा विश्वास तर तिने कधीच मोडलेला होता. शेवंतीला ते कळलं नव्हतं एवढंच.

"ताई? बरं वाटत नाही का?" आकांक्षाने हात धरला.

"बरी आहे." दर्शनाने तिचा हात हलकेच सोडवला. "सुशांत, ती यादी खाली ठेव. जरा ऐक. शेवंती, तूही बस."

"बसू कशाला? अहो वेळ..."

"बस गं. मला उभं राहून सांगता येईल की नाही, माहीत नाही, पण तू बस."

शेवंती ताट घेऊन पलंगाच्या कडेला टेकली. खालून कुणीतरी केळीवाल्याला हाक मारत होतं, ती हाक संपेपर्यंत दर्शना थांबली.

"हे एप्रिलमध्येच सांगायचं होतं," ती म्हणाली. "त्याच दिवशी. मी सांगितलं नाही. अप्पांनी मला वाचवलं आणि मी वाचवून घेतलं. शेवंती, ती पत्रिका पहिल्यांदा माझ्या फोनवर आली. फोन नको म्हणत होता तरी मी ती उघडली, आणि अप्पांना काही न सांगता पाठवून दिली. तुझे पैसे अप्पांमुळे नाही गेले. माझ्यामुळे गेले."